अंगठ्याखालची ओळ

अठरा वर्षं मी औषधं विकली आणि मग औषधं कशी विकायची ते शिकवायला लागलो. त्यामुळे परीक्षक म्हणून मी फारसा बरा नाही, हे मला ठाऊक आहे. मुलगा दारातून आत येतो तेव्हाच त्याच्या बुटांवरून माझं मत बनतं, आणि पुढची पंधरा मिनिटं मी ते मत खरं करत बसतो. शिवाय डोकं लवकर तापतं. बायको म्हणते, तुम्ही परीक्षा घेत नाही, सूड घेता.

त्या दिवशी जळगावहून सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. देवपुरातल्या एका कॉलेजात औषध-विपणनाच्या पदव्युत्तर मुलांची शेवटची तोंडी परीक्षा होती. सोबत परीक्षक म्हणून त्याच कॉलेजातल्या एक मॅडम होत्या. चाळीस गुणांची परीक्षा, वीसला पास. आधी कागदावर गुण लिहून दोघांनी सह्या करायच्या, मग मॅडमनी ते संगणकावर भरायचे. एकदा भरले की कुलूप. ते उघडायचं तर त्याच दिवशी विद्यापीठाला कारणासकट पत्र पाठवावं लागतं.

परीक्षा म्हणजे नाटकच. मी डॉक्टर व्हायचं, मुलांनी कंपनीचा प्रतिनिधी. आता हे सगळं टॅबवर चालतं, पण मी हट्टाने माझं जुनं फोल्डर नेतो. खोकल्याच्या एका औषधाचं, केव्हाच बाजारातून गेलेल्या. गुळगुळीत पानं, मधोमध उंच उंच रंगीत पट्ट्यांचा आलेख. ते फोल्डर दाखवून मी खानदेशातले कितीतरी दवाखाने जिंकले होते, असं मी मुलांना सांगायचो.

दुपारी एक मुलगी येणार होती. शिंदखेड्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती आत यायच्या आधी मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, हिला जळगावच्या एका कंपनीचं पत्र आलंय. सोमवारी रुजू व्हायचंय. पण आजचे गुण दाखवले तरच. नाहीतर दुसऱ्या नंबरच्या मुलाला बोलावतील."

मला असलं काही आधी सांगितलेलं आवडत नाही. मी नुसतं हूं केलं.

मुलगी आली, उभी राहिली. मी म्हणालो, "मी लहान मुलांचा डॉक्टर. बाहेर पेशंट बसलेत. दोन मिनिटं देतो."

सुरुवात तिने चांगली केली. आवाज स्वच्छ, नजर सरळ. पण फोल्डर चुकीचं धरलं होतं, दोन्ही बाजूंनी, एखादं ताट धरावं तसं. आमच्या धंद्यात त्याची एक रीत असते. डावा अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्यावर, उजव्या हातात पेन. मला माझ्या सीनियरने शिकवलेली, मी पुढे शेकडो पोरांना शिकवलेली.

"अंगठा इथे," मी बोट ठेवून दाखवलं.

तिने अंगठा तिथे नेला. मग थांबली. अंगठा बाजूला केला आणि खाली वाकून बघितलं, कारण मी बोट ठेवलं होतं तिथे बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं.

"सर, इथे लिहिलंय की ही चाचणी मोठ्या माणसांवर झालीय."

"मग?"

"तुम्ही लहान मुलांचे डॉक्टर आहात. हा आलेख मी तुम्हाला दाखवू शकत नाही."

"म्हणजे औषध देऊ नको म्हणतेस?"

"मुलांवरची माहिती कंपनीकडून मागवून घेते आणि मगच येते, सर. आज नको."

माझी कानशिलं तापली. तो अंगठा तिथे का ठेवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला ते माहीत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मी ती ओळ वाचली होती. त्यानंतर धुळ्या-जळगावच्या बालरोगतज्ज्ञांपुढे तेच फोल्डर वर्षानुवर्षं धरलं होतं, आणि बढत्याही घेतल्या होत्या.

"विक्री झाली नाही," मी म्हणालो. "जा."

ती गेल्यावर मी कागदावर अठरा लिहिले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "सर, दोनच गुण कमी पडतायत." मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारी मुलगी घेऊन कंपनी काय करेल?" मोठ्या जोरात म्हणालो. बाहेरचा परीक्षक म्हणून माझाच शब्द चालतो. मॅडमनी सही केली, आकडा भरला. कुलूप पडलं.

चहा प्यायला बाहेर आलो तर व्हरांड्याच्या पायरीवर एक म्हातारा बसलेला. मला बघून उठला. मुलीचा बाप.

"सायेब, मनी पोर पास व्हई ना?"

"निकाल विद्यापीठ लावतं," मी म्हणालो.

"व्हई, व्हई," त्याने स्वतःलाच सांगितलं. "भलती बारीक नजर शे तिनी. घरमा औषध उनं का डबावरलं बठ्ठं वाचस, मंगच पोरेसले देस. आम्हले तर काय वाचता येस नही." म्हणजे घरात औषध आलं की डब्यावरचं सगळं वाचल्याशिवाय ती ते पोरांना देत नाही.

चहाला मी गेलोच नाही. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. सोमवारला तीन दिवस उरले होते.

परत आत गेलो. मॅडम मुलांचे कागद आवरत होत्या. "कुलूप उघडायचं पत्र लिहू," मी म्हणालो. त्यांनी काही न विचारता कोरा कागद दिला. मी लिहिलं: संगणकावर आकडा भरताना चूक झाली, अठराऐवजी बत्तीस वाचावे.

मॅडमनी वाचून कागद परत सरकवला. "हे चालणार नाही, सर. त्यांना हाताने लिहिलेला गुणांचा कागदही पाठवावा लागतो. त्यावर तुमच्याच अक्षरात अठरा आहेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आकडा मी भरलाय. चूक माझी ठरेल."

घड्याळात पावणेपाच झाले होते. पाचला विद्यापीठाचं काम बंद होणार होतं. दुसरं कारण काही सुचेना, आणि सुचलं असतं तर मी तेच लिहिलं असतं, हेही सांगून टाकतो. अखेर दुसरा कागद घेतला.

"विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर होतं," मी लिहिलं. "मी स्वतः ते औषध तसंच विकलेलं असल्यामुळे मला ते सहन झालं नाही, आणि मी तिला नापास केलं."

मॅडमनी दोनदा वाचलं. मग त्याखाली माझ्या सहीची जागा दाखवली.