स्टेशन कुठल्या बाजूला?

मसाल्यासाठी चक्रफूल भाजायला घेतलं की आमचं ठाण्याच्या नौपाड्यातलं स्वयंपाकघर क्षणभर हनोई होतं. वीस वर्षं झाली असतील. लग्नानंतर पाठीवर सॅक अडकवून मी आणि सतीश तिथे पोचलो, तेव्हा गल्लीगल्लीत उकळणाऱ्या सूपच्या पातेल्यांतून हाच वास येत होता.

सतीश पक्का डोंबिवलीकर. पत्ता म्हणजे स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला, एवढंच त्याला कळायचं. रस्ता चुकला की म्हणायचा, "चल, स्टेशनला परत जाऊ, तिथून सुरू करू." दुसऱ्या दिवशी तिथलं प्रसिद्ध तळं शोधताना आम्ही तीनदा हनोईच्या त्याच स्टेशनसमोर येऊन उभे राहिलो. माझ्या टाचेला फोड आलेला. मी पायरीवर बसकण मारली आणि ओरडले, "अरे, जग बघायला आणलंस की स्टेशन दाखवायला?"

तो खाली बसून माझ्या बुटाची नाडी सैल करत राहिला. मग हळूच म्हणाला, "अगं, मलाही भीती वाटतेय. इथे परत यायचं तेवढं तरी माहितीये." नवरा घाबरतो, याचा तेव्हा मला रागच आला होता.

परवा आमची ईशा शिकायला जर्मनीत पोचली. फोनवर तिचा आवाज कापत होता. सतीशने माझ्या हातातून फोन घेतला. जेवलीस का, थंडी आहे का, काही नाही. फक्त विचारलं, "बाळा, स्टेशन कुठल्या बाजूला आहे?"

तिचं उत्तर ऐकायला मीही फोनला कान लावला.