बंकट कॅमेरावाल्याची भाची

धारूरमध्ये लग्न असो, साखरपुडा असो नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, कॅमेरा खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं घुसणारा माणूस म्हणजे बंकट. तो नवरा-नवरीला सुखानं हार घालू देणार नाही. आधी मान इकडं करा, मग हसा, मग पुन्हा घाला. भटजी मंगलाष्टका थांबवतील, पण बंकटचं 'एक मिनिट' काही संपायचं नाही. लोक त्याला शिव्या घालतात आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यालाच बोलावतात.

शेळ्या राखणाऱ्या घरातला हा पोरगा. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, कडूबाईनं, याला कडेवर घेऊन शेळ्यांमागं हिंडत वाढवला. पुढं तिला गावातच दिली, पलीकडच्या गल्लीत. अक्काचा निरोप आला की बंकट हातातलं काम टाकून उठतो, असं सगळं गाव म्हणायचं. तो स्वतःही म्हणायचा. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ जड होते.

लग्नाचे मुहूर्त संपले की बंकटला काम नसायचं. मग तो मोबाइलवर भुताचे सिनेमे बघत पडायचा, देशातले, परदेशातले, हाताला लागतील ते. बघता बघता त्याला एक गोष्ट कळली. नखं-दाढांचं थोराड भूत फार तर हसू आणतं. खरी भीती वाटते ती लहान लेकराची. ते काही करत नाही. नुसतं उभं राहतं, बघतं आणि पापणी लववत नाही. ज्याला उचलून घ्यायला हात पुढं करायचे, त्याच्यापासूनच पळायची वेळ आली की माणसाची पाचावर धारण बसते. बंकटला वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

पोर घरचीच होती. कडूबाईची स्वप्ना, तिसरीतली, चुणचुणीत, मामा म्हणेल ती पूर्व दिशा मानणारी. शूटिंग किल्ल्याच्या पायथ्याला झालं आणि तेही भर दिवसा, कारण भूत अंधाराला घाबरत होतं! रात्र बंकटनं नंतर मोबाइलमध्येच करून घेतली. स्वप्नाच्या तोंडाला पावडर थापली, डोळ्यांखाली काजळ फासलं, केस मोकळे सोडले. "मान हळूच वाकडी कर. आता हस. दात दावू न्हको," बंकट शिकवायचा. मध्येच पावडरीनं तिला शिंक यायची आणि सगळे पोट धरून हसायचे. कडूबाई डबा घेऊन आली होती, तीही हसली.

'खिंडीतली पोर' हा सिनेमा यूट्यूबवर टाकला आणि केज-अंबाजोगाईपर्यंत पोरं मोबाइलला चिकटली. शेवटी ती पोर रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणायची, "मला घरी न्या की." त्या वाक्याला भलेभले दचकले. बंकटचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. त्या शालीत तो आठवडाभर मावत नव्हता.

पहिले काही दिवस स्वप्नाचीही ऐट होती. मग शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. बंकटच्या शेजारच्या शहादेवच्या धाकट्या पोराला ताप आला, तेव्हा आदल्या दिवशी स्वप्नानं त्याला खेळवलं होतं हे कुणाला तरी आठवलं. ताप साधा होता, औषधानं उतरला. बोलणं मात्र उतरलं नाही. "पोर चांगली हाय वो, पन तिची नजर बघितली का?" बाया म्हणायच्या आणि आपली लेकरं जवळ ओढायच्या. नजर! ती नजर बंकटनं शिकवलेली. हे चौकात उभं राहून ओरडून सांगायचं सोडून हा गडी सिनेमाच्या दुसऱ्या भागाची जुळवाजुळव करत होता. लोक घाबरतायत म्हणजे आपलं काम झकास झालं, अशी त्याची समजूत.

नवरात्र आलं. अष्टमीला घरोघर कुमारिका जेवायला बोलावतात. लहान मुलींचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, देवी मानून पुरणपोळी वाढायची. एरवी स्वप्नाला इतक्या घरून बोलावणं यायचं की शेवटच्या घरी ती पानाला नुसतं बोट लावून उठायची. या वर्षी गल्लीतून एकही बोलावणं आलं नाही. बंकटच्या कानावर ते आलं होतं.

त्याच्या घरची गोष्ट आणखी अवघड. त्याची बायको वर्षाराणी हिला पुष्कळ वर्षांनी दिवस गेले होते. डॉक्टर झाले, नवस झाले, तेव्हा कुठं. अष्टमीच्या आदल्या दिवशी डाळ निवडता निवडता ती म्हणाली, "अवं, औंदा स्वप्नाला न्हका बोलवू."

"कावून?"

"मलाबी कळतंय, लेकरूच हाय ते. पन डोळे मिटले की ती तशी उभी दिसती. मला लई भ्या वाटतं वो, पोटातल्या जीवाचं. पुढल्या साली मी सोता तिचे पाय धुते."

बंकटनं म्हणायला हवं होतं की अगं, ती पावडर तुझ्याच डब्यातली होती. तो म्हणाला, "बघू." नवऱ्याच्या 'बघू'चा अर्थ बायकोला पाठ असतो. दुसऱ्या दिवशी त्यानं गावातून नऊ मुली गोळा केल्या. पलीकडच्या गल्लीत तो फिरकला नाही.

दुपारी परातीत पोरींचे पाय धूत असताना त्यानं वर बघितलं, तर दारात स्वप्ना. हिरवा परकर, दोन वेण्या, लाल रिबिनी. मामाच्या घरी बोलावणं कशाला लागतं, म्हणून आपली आपण आली होती. ओळीत बसलेली शहादेवची मुलगी तिला बघून शेजारणीला बिलगली. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

स्वप्ना मामाकडं बघून हसली आणि बंकटच्या अंगावर सरकन काटा आला. हे हसू त्यानंच तिला शिकवलं होतं, तरी आला. क्षणभरच, पण आला. सख्ख्या भाचीला आपण भ्यालो याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. ती लपवायला तो घाईघाईनं बोलून गेला, "बाळा, पानं भरली गं. तू उद्या ये."

"मी तोंड धुऊन आले, मामा," ती म्हणाली. "साबनानं. बघ, काईच न्हाई राहिलं." आणि तिनं तोंड पुढं करून एक गाल दाखवला, मग दुसरा.

बंकटच्या हातात कुणाच्या तरी लेकीचा ओला पाय होता. तो सोडून उठायचं, एवढंच करायचं होतं. "उद्या नक्की ये," तो म्हणाला आणि मान खाली घालून धुतलेलाच पाय पुन्हा धुवायला लागला. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

मुली जेवून गेल्या. मग बंकटही जेवला. घास घशाखाली उतरला नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण उतरला. तूपही त्यानं मागून घेतलं.

ऊन कलल्यावर कडूबाईचा फोन आला. "बंकट्या, लई बरं केलंस बाबा, पोरीला जेवू घातलंस. औंदा कुन्नीच बोलवलं न्हाई रे तिला. सकाळधरनं घास घेतला न्हवता तिनं, मामाकडं जेवायचंय म्हनत होती. आत्ता आली बघ घरी. पोट भरलं म्हनती, चहासुदिक न्हको म्हनाली. घे, बोल तिच्याशी."

बंकट भिंतीला टेकला.

"मामा," स्वप्नाचा आवाज आला, "पोळी लई गोड झालती."

अक्का शेजारीच उभी असणार. फोन दे तिला, असं म्हणायचं आणि खरं ते सांगून टाकायचं, बंकटनं त्यासाठी तोंड उघडलंही.

"मामा? ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मामीला बी सांग. पोट दुखंस्तवर खाल्लं म्हनाव स्वप्नानं."

"बरं," बंकट म्हणाला. "सांगतो."