लोहाराची चूक

माझा शेजारी जिन्पाची हा लाकडी बादल्या करायचा आणि मी करवतींचे दात घासायचो. किसो खोऱ्यातल्या आमच्या गल्लीत दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. तीस वर्षांच्या शेजारात त्याचं मला माहीत नाही असं फारसं काही उरलं नव्हतं. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको जाईपर्यंत हेच सांगत होती.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. रोज दुपारी जेवण झालं की जिन्पाची दुकानाचं दार आतून लावून घ्यायचा, तासभर. बादलीच्या फळ्या एकमेकींना जोडायला बांबूच्या बारीक खुंट्या लागतात, त्या तो तेव्हा तासायचा. रंधा मारणं, फळ्यांभोवती कडी चढवणं, तळ बसवणं, सगळं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं. खुंट्या तेवढ्या दाराआड. सायेलाही, म्हणजे त्याच्या मुलीलाही, तो त्या वेळी ओढ्यावर बांबू भिजवायला पाठवायचा. घराण्याचं गुपित आहे, असं गल्लीत सगळे म्हणायचे. त्याची बादली वीस वर्षं वापरली तरी गळत नसे, त्यामुळे ते पटायचंही. मी एकदा दाराच्या फटीला डोळा लावून पाहिलं होतं. पाठ दिसली, बस.

वर्षअखेरच्या सणाला आमच्याकडे हत्यारं घासूनपुसून, तेल लावून चटईवर मांडतात. पुढ्यात भाताचे गोल वडे ठेवतात आणि चार दिवस हत्यारांना विश्रांती देतात. ती चटई कोणी ओलांडत नाही, दुसऱ्याचं हत्यार कोणी उचलत नाही. मी दरवर्षी त्याच्याकडे साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायला जायचो आणि चटईच्या शेवटी ठेवलेल्या त्या आखूड सुरीबद्दल विचारायचो. तिची धार उलट्या बाजूला होती.

"लोहाराची चूक," जिन्पाची म्हणायचा. "आजोबांनी आणली होती. टाकवत नाही म्हणून ठेवलीय."

तीस वर्षं हेच उत्तर.

त्या वर्षी बाजारात प्लास्टिकच्या बादल्या आल्या होत्या आणि जिन्पाची अडुसष्टचा झाला होता. सायेला बापाचंच काम करायचं होतं. लग्नाची दोन स्थळं तिने तेवढ्यासाठी परतवली होती. पण पोरगी डावखुरी. आमच्या सुरीला एकाच बाजूने धार असते. उजव्या हाताची सुरी डाव्या हातात धरली की ती बांबूत घुसते आणि खुंटी वाकडी निघते. बापाच्या हुकमावरून तिने दोन हिवाळे उजव्या हाताने तासून पाहिलं. तिची पहिली बादली पाच ठिकाणी गळली. शेवटी जिन्पाचीने ठरवलं की सणानंतर हत्यारांची पेटी मात्सुमोतो शहरात राहणाऱ्या पुतण्याला द्यायची. पुतण्या टेबलं करायचा.

मला राग आला होता. पण शेजारी म्हणून तोंडाला कुलूप घातलं होतं.

सणाच्या संध्याकाळी मी नेहमीसारखा गेलो, तेव्हा साये साके गरम करून घेऊन आली आणि चटईपासून हातभर दूर बसली, पाहुणी असल्यासारखी.

"बस की जवळ," मी म्हणालो.

"परक्याची हत्यारं आहेत काका," ती म्हणाली. "हात लागला तर गंज चढेल."

"जीभ मात्र चांगली परजलीये," जिन्पाची पुटपुटला.

मी मान खाली घालून चटईकडे पाहत राहिलो. उजव्या हाताची सुरी आणि ती उलटी सुरी शेजारी शेजारी होत्या. दोन्हींवर खालच्या आळीतल्या लोहाराच्या घराण्याचा तोच ठसा, देवदाराच्या फांदीचा. जन्मभर मी पोलादच घासत आलोय. हत्यार किती वापरलंय हे मला मालकापेक्षा लवकर कळतं. इतकी वर्षं एकच सुरी बघत होतो, दोन्ही मिळून कधी बघितल्याच नव्हत्या.

मग मी नको ते केलं. न विचारता उलटी सुरी उचलली.

"गोइची, ठेव ती," जिन्पाची म्हणाला.

"ठेवतो. आधी मला एक सांग. ही उजवी सुरी तू बारा वर्षांचा असताना तुझ्या बापाने दिली ना?"

"हो."

"रोज खुंट्या तासतोस, रोज दगडावर घासतोस. छप्पन्न वर्षं. मग ती अजून वीतभर लांब कशी? आणि जी चुकून बनली ती झिजून बोटाएवढी कशी झाली?"

जिन्पाचीने पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता हाकलून देतो. साये माझ्या हातातल्या सुरीकडे बघत होती.

"आजोबा डावखुरे होते," तो म्हणाला. "वडलांना त्याची लाज वाटायची. गिऱ्हाईक म्हणायचं, डाव्या हाताची बादली घरात अपशकुन. माझाही डावा हात पुढे यायला लागला, तेव्हा वडलांनी तो सहा महिने कमरेला बांधून ठेवला. रंधा शिकलो उजव्याने. सगळं शिकलो. खुंटी नाही जमली."

"म्हणून दार लावायचात?" सायेने विचारलं.

"मग काय, उघडं ठेवू? या गोइचीच्या शेजारी?"

साये हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती चिडलीही होती. "दोन हिवाळे बाबा. दोन हिवाळे मला वाटत होतं माझ्या हातातच खोट आहे."

जिन्पाची माझ्याकडे वळला आणि हात पुढे केला, डावा. मी सुरी दिली. त्याने कोपऱ्यातली बांबूची काडी उचलली आणि सणाच्या दिवसांत, चटईवरच्या वड्यांसमोर, तीन झटक्यांत खुंटी काढली. इतका सहज हात मी त्याचा कधीच पाहिला नव्हता. मग सुरी मुठीकडून सायेच्या पुढे धरली.

तिची पहिली खुंटी जाड निघाली. दुसरी बापाच्या खुंटीशेजारी ठेवली तर मलाही ओळखता आली नसती.

पुतण्याला पेटीऐवजी एक भाताचं लाकडी भांडं गेलं. झाकणासकट.

विश्रांतीचे चार दिवस संपले त्या सकाळी मी करवती घेऊन लोहाराकडे निघालो होतो. जिन्पाचीचं दार सताड उघडं होतं आणि आत साये तासत बसली होती. तो उंबऱ्यात आला, उजवीकडे डावीकडे गल्लीत बघितलं आणि मला थांबवलं.

"त्या सुरीचं पोलाद आता फार तर दोन वर्षं पुरेल," तो म्हणाला. "लोहाराला म्हणावं, तुझ्या आजोबांनी केली होती तीच चूक परत एकदा कर."