कॅक्टसचा काटा आणि गरम गूळ

डॉक्टरांनी चिमट्याने आमच्या ह्यांच्या तळव्यातून काटा काढला आणि ट्रेमध्ये ठेवला. पिवळा, बोटाच्या पेराएवढा. मी लगेच ओळखला. माझ्याच कॅक्टसचा होता.

"हा कधी गेला पायात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काटो? खंयचो काटो? माका काय्येक कळाक नाय," हे म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, डायबेटिक न्यूरोपॅथी. म्हणजे साखरेमुळे पायाच्या नसा मरतात. दुखत नाही, भाजत नाही, टोचलेलं कळत नाही. आम्हाला साखर आहे हे ठाऊक होतं. पण गोळ्या आठवतील तेव्हा, आणि तपासणी पुढच्या महिन्यात, असा आमचा कारभार.

कॅक्टसचं आधी सांगते. वेंगुर्ल्याच्या एका नर्सरीतून मी वाटीएवढ्या कुंडीतला गोल कॅक्टस आणला होता. शेवग्याला घालतो तसं त्यालाही मासळी धुतलेलं पाणी घातलं, आणि महिन्याभरात तो बुडातून कुजला. दुसरा आणला तेव्हा मात्र हट्टाला पेटले. पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची, वाळू खारट, म्हणून ओहोळाची वाळू चाळून घेतली. कुंडीच्या बुडाला भोक आहे ना ते पाहिलं, खाली खडी घातली. रोज मातीत बोट खुपसून बघायचे. अगदी खोलवर कोरडी लागली तरच पाणी, तेही चार चमचे. आमच्या आचऱ्यातल्या बायका बघायला यायच्या आणि मी फुशारून जायचे.

त्याच वर्षात हे दोन-तीनदा म्हणाले होते, "पायाखाली गोणपाट घातल्यासारख्या वाटता." मी हसण्यावारी नेलं. आयुष्यभर पुळणीवर अनवाणी रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढणारा माणूस, तळवे जाड झाले असतील, म्हटलं. तळवा एकदा हातात घेऊन बघावा, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती!

कॅक्टस वाढला म्हणून मी पडवीत बसून कुंडी बदलली. वर्तमानपत्रात गुंडाळून उचलला, काटे गळले, ते झाडून घेतले. सगळे घेतले असं वाटलं.

तीन दिवसांनी हे पाय वर करून बसले होते, तेव्हा अंगठ्याखाली लाल गाठ आणि मधे काळा ठिपका दिसला. काहीतरी मोडलंय, एवढं कळलं. आमच्याकडे काटा मोडला की गूळ कढवून गरमागरम बांधतात, काटा वर येतो. माझ्या आईने माझ्या पायाला बांधला होता तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणून भीत भीत विचारलं, "गरम लागता काय?"

"नाय गो. बांध तू."

मग मी आणखी कढत बांधला. दुसऱ्या दिवशी परत. शेजारणीला कौतुकाने सांगितलं सुद्धा, की आमचे हे 'स्स' पण करत नाहीत! तळव्याला मोठा फोड आला, तो मला काटा वर येतोय असा वाटला. पाचव्या दिवशी ताप भरला आणि पायाला वास यायला लागला, तेव्हा मालवणचा दवाखाना गाठला. काटा निघाला तो तिथेच.

तिथून लगेच कुडाळच्या हॉस्पिटलात. एक डॉक्टर नायलॉनचा धागा घेऊन आले. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात, पण दिसायला आपला गळाचा तंगूसच. डोळे मिटायला सांगून ते तळव्याला धागा टेकवत होते, लागला की सांगा म्हणाले. तंगुसाला मासा नुसता हुंगायला आला तरी ह्यांच्या बोटाला कळतं. आणि इथे डोळे मिटून नुसते वाट बघत राहिले. "सुरू केल्यात काय?" असं विचारलं, तोवर डॉक्टरांचं तपासून झालं होतं. मला रडू आवरेना.

मग डॉप्लर, म्हणजे पायात रक्त नीट पोचतं का ते बघतात. मग डीब्राइडमेंट, म्हणजे सडलेलं मांस कापून काढणं. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अंगठा काढला तर पाय वाचेल.

ह्यांनी एकच विचारलं. "रापणीक जाऊक गावतला मा?"

"वाळूत अनवाणी, आता कधीच नाही," डॉक्टर म्हणाले. मी गुळाचं कबूल केलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाजत नाही म्हणाले ना, तेच लक्षण होतं." रागावले असते तर बरं झालं असतं.

अंगठा काढून घरी आल्यावर मी कुंडी उचलून फेकायला निघाले. ह्यांनी अडवलं. "त्येचो काय दोष? ऱ्हवांदे." दोष कोणाचा, ते काही बोलले नाहीत. आजवर बोललेले नाहीत.

तुमच्या घरात साखरेचं माणूस असेल तर गूळ, मीठ, विटेचा शेक, काही करू नका. रोज त्यांचा तळवा बघा. पाय वाचवणाऱ्या त्या डॉक्टरांचे आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. पण हे सगळं आधी कोणी सांगायला हवं होतं, असं म्हणायला मला तोंड नाही. माझ्याच हाताखाली होतं सगळं.

आता रोज सकाळी मी आरसा घेऊन पडवीत बसते. हे पाय पुढे करतात आणि नजर पुळणीकडे, जिथे बाकीचे रापण ओढत असतात. मी डॉक्टरांसारखं एकेका ठिकाणी बोट टेकवून विचारते, कळता काय? काल विचारलं, तेव्हा हे चटकन म्हणाले, "कळता गो, आता कळता."

मी अजून बोट टेकवलंच नव्हतं.