वगळायच्या यादीतलं सव्विसावं नाव

मुळशीतल्या भरे गावाजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत काम एकच होतं. बाहेरचा संदेश पेशीच्या आत पोहोचवणारा एक रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतो, त्याला कोणतं प्रथिन चिकटतं ते शोधायचं. रिसेप्टर बारीक मण्यांवर बसवायचा, त्यावर प्रथिनांचं मिश्रण ओतायचं, धुवायचं आणि जे चिकटून राहील ते पुण्याला तपासणीला पाठवायचं. शेजारच्या नळीत नुसते मणी. त्यांनाही जे चिकटतं ते बिनकामाचं.

निकालात ढीगभर नावं यायची. कशालाही चिकटणाऱ्या प्रथिनांची मी एक यादी ठेवली होती: कातडीचं, केसांचं, थंड खोलीत घालायच्या स्वेटरमुळे मेंढीच्या लोकरीचंही. ती नावं आधी काढून उरलेला कागद मी आमच्या संशोधक मुलीकडे द्यायचे. ती मुळशीचीच. तिची पीएचडी या एका शोधावर होती.

एकदा तिने मूळ निकाल पाहिले.

"मॅडम, तुमच्या यादीतलं हे सव्विसावं दर वेळी येतंय. नुसत्या मण्यांवर नाही दिसत."

"यादीत आहे ना?"

"आहे, पण..."

"मग कचरा."

"उद्या मला नका त्या यादीत घालू," ती हसून म्हणाली.

तिला काहीच सापडलं नाही. प्रकल्प बंद झाला, ती पदवीविना घरी गेली.

गेल्या महिन्यात परदेशातल्या लोकांचा शोधनिबंध वाचला. त्याच रिसेप्टरला चिकटणारं प्रथिन त्यांना सापडलं होतं. आमचं सव्विसावं. मी जुन्या वह्या काढल्या. ते नाव यादीत आलं ते पहिल्या वर्षीच्या एकाच प्रयोगावरून. त्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'ओलाव्याने नळ्यांवरचे आकडे पुसले. क्रमाने लावून घेतल्या.' म्हणजे अंदाजाने; रिसेप्टरची नळी मी नुसत्या मण्यांची समजले असणार. प्रयोग पुन्हा करायला हवा होता. मी नाव यादीत चढवलं आणि पुढच्या कामाला लागले.

रविवारी वही घेऊन तिच्या घरी गेले. धरणाकाठी पर्यटकांना भाड्याने द्यायच्या त्यांच्या खोल्या आहेत, पाहुणे नुकतेच गेले होते. ती ओसरीवर चादरींच्या घड्या घालत होती.

"यादीवाल्या मॅडम तुमीच व्हय?" तिची आई म्हणाली. "लई नाव काढायची तुमचं. बसा हितं."

मी सगळं सांगितलं, ते पान दाखवलं. मुलीने दोनदा वाचलं.

"मला वाटलं, माझीच नजर चुकतेय," ती म्हणाली. "म्हणून परत विचारलं नाही."

"मंग आता मिळंल का तिला ती डिग्री?" आईने विचारलं.

"नाही. शोध आता दुसऱ्यांचा झाला."

आई आत गेली. मुलीने वही मिटून परत दिली आणि पुढची चादर उचलली. मी तिचं दुसरं टोक धरायला गेले.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "मी करते."