दौलत घाडींची काचेची झुंबरं

परळच्या चाळीतले दौलत घाडी रोज सकाळी दादर चौपाटीवर लाटांनी गुळगुळीत केलेल्या काचा वेचतात आणि घरी तारेत ओवून झुंबरं करतात. गिरणी बंद पडल्यावर दहा वर्षं ते दारूत बुडाले होते, मग एकदाचे सुटले.

लोअर परळच्या प्रदर्शनात एका बाईंनी हिरवं झुंबर उचलून विचारलं, "काका, इतक्या सुंदर काचा येतात कुठून?"

दौलत तारा सारख्या करत बसले. शेजारून त्यांची बायको गंगुबाई शांतपणे म्हणाली, "ह्यांनीच फोडलेल्या बाटल्या त्या, चौपाटीच्या खडकावर. काचा समुद्राने घासल्या, ह्यांना मी."

बाईंनी दोन झुंबरं घेतली. पुढच्या प्रदर्शनापासून दौलत ही हकिगत गिऱ्हाइकांना स्वतःच सांगू लागले. त्यांच्या सांगण्यात बाटल्या मात्र एका मित्राने फोडलेल्या असतात.