नागीण उतरवणारे पुंजाराम बापू

पुंजाराम बापूंनी अंगात अख्खा सदरा घातला त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. उजवी बाही घालायची, डावी बाजू मोकळी सोडायची आणि उरलेला सदरा कमरेला खोचायचा, असा त्यांचा अवतार. लग्नाला तसाच, मयतीला तसाच. डिसेंबरात राहात्याकडच्या पेरूच्या बागांमध्ये सकाळी हात बधिर होतात, तेव्हाही तसाच. एखादा नवखा पाहुणा विचारायचा, "बापू, लई गरम हुतंय का काय?" की बापूंचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "व्हय, पंखा लाव," म्हणायचे आणि चालू लागायचे.

पाहायला गेलं तर तिथं काही नाही. डाव्या बरगडीवरून छातीकडे गेलेले चार-पाच पांढुरके डाग, तेही जवळ जाऊन बघितले तर. पण त्या जागेवर कापडाची नुसती कड घासली की मिरच्या कुटलेल्या हातानं कोणी चोळल्यासारखी आग उठते. मधूनच झटका बसतो, ओल्या हातानं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला शिवल्यावर बसतो तसला. हात मोडला असता तर लोकांनी गळ्यातली झोळी बघितली असती, चार जणांनी हळहळ केली असती. इथं धडधाकट माणूस अर्धा उघडा फिरतो म्हटल्यावर लोक हसणार, आणि लोक हसले की बापू शिव्या देणार. हे तीन वर्षं चाललं होतं.

बायडाबाईंनी, म्हणजे बापूंच्या घरधनिणीनं, एकदा मोठ्या हौसेनं मलमलीचा सदरा शिवून आणला. बापूंनी तो दहा मिनिटं अंगात ठेवला, मग काढला आणि सरळ चुलीत कोंबला. बाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्याच बोलल्या, कारण बापू आपणहून बोलतील अशी आशा त्यांना चाळीस वर्षांत कधी नव्हती.

आता ह्यातली गंमत सांगतो. गंमत कसली, अंगाचा तिळपापड व्हावा अशीच गोष्ट आहे. हे दुखणं बापूंना नागिणीमुळे लागलं. अंगाच्या एका बाजूला पुरळाची माळ उठते, ती नागीण. आणि पंचक्रोशीत नागीण उतरवणारा माणूस कोण, तर हेच पुंजाराम बापू.

वडिलांनी हात दिलेला. गुरुवारी आणि रविवारी सकाळी अंगणात माणसं बसायची. दूर्वांच्या रसात गेरू उगाळायचा, मोराच्या पिसानं पुरळाभोवती रेघ ओढायची, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचं. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस गेला, ही सगळ्यांची समजूत, आणि ती रेघ म्हणे तोंड अडवायची. बेलापूरकडून माणसं यायची, एकदा तर एका दवाखान्यातला कंपाउंडर येऊन गेला. बापू दमडी घेत नसत, फक्त नारळ. "तीस वर्सं झाली, एकबी मानूस दगावला न्हाई," हे ते छाती काढून सांगायचे. अहो, दगावणार कसा? पुरळ पंधरा-वीस दिवसांत आपसूक वाळतं. पिसानं ओढा, खराट्यानं ओढा, नाहीतर काहीच ओढू नका. पण हे बापूंना सांगणार कोण, आणि सांगितलं तर ऐकणार कोण?

तीन वर्षांपूर्वी बापूंच्याच बरगडीला माळ उठली. बायडाबाई म्हणाल्या, "डागदरला दावून या की."

"मी जाऊ? लोकं माझ्याकडं येत्यात, आन् मी डागदरच्या दारात बसू?"

त्यांनी आरसा समोर ठेवून स्वतःच रेघ ओढली. पथ्य काटेकोर पाळलं, तेल नाही, आंबट नाही, महिनाभर वांग्याचं नाव नाही. सतराव्या दिवशी खपल्या पडल्या, घरात नारळ फुटला. विसाव्या दिवशी आग सुरू झाली आणि ती काही विझली नाही.

सहा महिने दम काढून बापू अखेर राहात्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी कॅप्सूल दिल्या. त्यांनी आग निम्मी झाली, पण डोकं भोवंडायचं, पाय लटपटायचे. एकदा पाटाच्या कडेला पाणी बघायला गेले आणि तिथेच आडवे झाले. मात्रा कमी केली की आग वर. मग बाईंनी नगरला पाठवलं, तिथं बरगडीत सुई दिली. चार महिने माणूस माणसासारखा झोपला. पाचव्या महिन्यात पुन्हा तेच. मग चिकटवायच्या पट्ट्या, मग मलम, मग पुन्हा कॅप्सूल. मळ्यातला एकेक जण विचारायचा, "अजून बरं न्हाई व्हय?" जसं काही बापूंनीच ते हौसेनं पाळलं होतं.

पण खरा राग ह्यातल्या कशाचा नव्हता. खरा राग बाईंच्या एका वाक्याचा होता. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "बाबा, पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत का नाही आलात? तेव्हा गोळ्या देता आल्या असत्या. मग एवढं मागे राहिलं नसतं कदाचित. खात्री नाही देत, पण संधी होती." आणि वर सांगितलं, की तुमची बरगडीवर होती हे नशीब. कपाळावर येऊन नाकाच्या शेंड्याला फोड दिसला, तर डोळ्यावर बेतू शकतं.

तीन दिवस. बापू तिथून उठले ते चप्पल घालायचंही विसरले. घरी आल्यावर त्यांनी पीस आढ्याला खोचून टाकलं आणि येणाऱ्याला सांगू लागले, "हात दुखतोय, आता जमत न्हाई." बस्स, एवढंच. दवाखान्यात जा, असं मात्र कोणालाही म्हणाले नाहीत. तीस वर्षांचं नाव एका वाक्यात घालवायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? माणसं दुसऱ्या गावच्या दुसऱ्या पिसाकडे जायची. बापूंना ते ठाऊक होतं, आणि रात्री कूस बदलताना आगीबरोबर तेही टोचायचं. सकाळी त्याचा राग बायडाबाईंवर निघायचा.

यंदाच्या थंडीत एका सकाळी छगन आला. बांधाला बांध लागून असलेला शेतकरी, चाळिशीचा. हातात नारळ, कपाळाच्या डाव्या बाजूला पुरळ, डोळा लाल. आणि नाकाच्या शेंड्यावर एक टपोरा फोड. तो बघून बापू बसल्या जागेवरून उठले.

"कवा उठलं?"

"परवा सांजच्याला."

"छगन, मोटारसायकल काढ आन् राहात्याला जा. आत्ताच्या आत्ता. डोळ्याच्या डागदरला दाव."

"चेष्टा करता व्हय, बापू? तुमी असताना डागदर कशाला?"

"मी आता करीत न्हाई."

छगनचा चेहरा पडला. महिन्यापूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची कडाक्याची झाली होती. त्याला वाटलं, बापू त्याचा डूख धरून बसलेत. "बापू, पाळीवरनं झालं ते मनात ठिऊ नका. माझंच चुकलं. पाया पडतो," म्हणत तो वाकला, आणि उठताना त्याचा खांदा बापूंच्या डाव्या बरगडीला घासला.

बापू भिंतीला धरून उभे राहिले. तोंडातून कळवळून आरोळी निघाली, डोळ्यांतून पाणी. आवाज ऐकून बायडाबाई आतून धावत आल्या, पण हात कुठं लावायचा हे त्यांनाही कळत नव्हतं. मग बापू बोलले, आणि बोलले म्हणजे ओरडलेच.

"बघ. नीट बघ. ही तुझ्या बापूची नागीण. मीच उतरवली, ह्याच हातानं. माझ्या हाताला गुन न्हाई, छगन. कवाच नव्हता."

तीस वर्षांचं नाव गेलं. पण छगन असा ऐकणारा नव्हता. "सवताची सवताला उतरत नसती, बापू," तो समजुतीनं म्हणाला, "त्याला दुसऱ्याचा हात लागतो. त्या बनुबाईची न्हाई का, पार गळ्यापोत आल्ती, तुमीच उतरवली ना?"

बनुबाई गावातलीच. तीन वर्षं बापू ह्या बाईची गल्ली टाळून लांबून जात होते. अकरा वर्षांपूर्वी तिची नागीण त्यांनी उतरवली, वाळली, नारळ फुटला. दोन महिन्यांनी ती सासूला घेऊन रडत आली, की पुरळ गेलं पण आग जात नाही. अंगणात आठ-दहा माणसं बसलेली. बापू सगळ्यांदेखत म्हणाले, "पथ्य मोडलं. वांगं खाल्लं असशील." तिनं तीनदा नाही म्हणून सांगितलं. सासूनं तिथंच तिला चटोर म्हटलं आणि पुढं सात वर्षं, मरेपर्यंत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की सुनेला जीभ आवरली नाही म्हणून ही कण्हत बसते. बापू तर ते विसरूनही गेले होते. स्वतःच्या अंगात विसाव्या दिवशी आग उठली, तेव्हा आठवलं.

"चल," बापू म्हणाले. "तिलाच इच्यारू."

बनुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं चोळीची डावी बाही खांद्यापासून कापून काढली होती आणि पदर उजव्या खांद्यावर घेतला होता. त्याआधी आठ वर्षं बापूंच्या डोळ्यांदेखत वावरलेली बाई, पण त्यांना हे कधी दिसलं नव्हतं. आज पहिल्या नजरेत दिसलं, आणि त्यांना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"बनुबाई, ह्या छगनला सांग. तुझी नागीण उतरली का?"

तिनं आधी बापूंच्या मोकळ्या खांद्याकडे पाहिलं, मग छगनच्या डोळ्याकडे. "आत्ता इच्यारता व्हय?"

"सांग बाई. ह्याचा डोळा जाईल."

ती उठली. छगनची हनुवटी धरून तिनं त्याचं तोंड उजेडाकडे फिरवलं. "छगन, मी आजूनबी भिंतीला टेकून झोपती. आडवं पडता येत न्हाई. ह्यांनी गेरू लावला, नारळ घेतला आन् आग माझ्या अंगात तशीच ठिवली. तुला ती डोळ्यात पायजे असंल तर बस ह्यांच्या अंगनात. न्हाईतर गाडी काढ."

छगननं नारळ ओट्यावर ठेवला आणि गेला. दुपारी बाराच्या आत तो डोळ्याच्या डॉक्टरांपुढे होता. आठवडाभर गोळ्या चालल्या, थेंब चालले, आणि डोळा राहिला. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं त्याच्याबद्दल नाही.

बापू ओट्यापाशीच उभे होते. जावं की बसावं ते त्यांना कळत नव्हतं. बनुबाई पुन्हा शेंगा फोडायला लागली.

"बनुबाई, तू वांगं खाल्लं नव्हतंस."

"मला ठावं हाय."

"म्या समद्यांदेखत बोललो. लई वंगाळ केलं. त्या डागदरीनबाईकडं तुला बी नेतो. कॅप्सूल हायेत, सुई हाय. समदं जात न्हाई, खोटं कशाला सांगू. पर आडवं पडता येतं."

तिचे हात थांबले. इतकी वर्षं घोटून ठेवलेला राग ती एकदम काढील असं बापूंना वाटलं, आणि काढला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण ती आवाज न चढवता बोलली.

"दवाखान्यात मी माझी जाईन. तुमी माझ्या सासूला सांगा, सुनेनं वांगं खाल्लं नव्हतं. जावा, तेवढं तिला सांगून या."